जागा कमी आहे, तरी विंडोजशेजारी लिनक्स: २५ जीबीत बसवण्याची पूर्ण पद्धत

ऐरोली, महापे, बेलापूरच्या कंपन्यांतून बाद झालेले लॅपटॉप ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत आले आहेत. ४ किंवा ८ जीबी रॅम, १२८ किंवा २५६ जीबीचा एसएसडी आणि वर विंडोज १०. या विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि यातले बरेच लॅपटॉप त्या अटीत बसत नाहीत. विंडोज साफ पुसून टाकणंही सगळ्यांना परवडत नाही. कुणाचा हिशेब टॅलीवर आहे, कुणाच्या कॉलेजचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. अशा वेळी विंडोज आणि लिनक्स ही मोफत मिळणारी दुसरी प्रणाली, दोन्ही ठेवायचं: इंटरनेट, बँकेची कामं, अभ्यास, लेखन लिनक्सवर आणि अडलेलं तेवढं विंडोजवर.

जागा कमी म्हटलं की बहुतेक जण सगळ्यात छोटी आयएसओ फाइल (प्रणाली बसवण्यासाठी उतरवायची फाइल) शोधायला लागतात. मला तो शोध चुकीच्या टोकापासून सुरू झालेला वाटतो. लिनक्स पहिल्या दिवशी किती जागा घेतं ते फार महत्त्वाचं नाही, सहा महिन्यांनी किती घेईल ते महत्त्वाचं. अपडेट, जुने कर्नल (प्रणालीचा गाभा), फ्लॅटपॅक (अ‍ॅप देण्याचं एक स्वरूप), स्नॅपशॉट (प्रणालीची जपून ठेवलेली प्रत) हे सगळं मागाहून येऊन जागा खातं. शिवाय ‘हलकं’ म्हणजे रॅमला हलकं. ते डिस्कलाही हलकं असेलच असं नाही.

कोणतं लिनक्स घ्यावं

४ जीबी किंवा जास्त रॅम असेल आणि २५ जीबी जागा निघत असेल, तर माझी शिफारस लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती. मिंटची अधिकृत किमान अट २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क अशी आहे. बसवल्यावर ती साधारण १० जीबीच्या आसपास जाते. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. लुबुंटू ही उबुंटूची आवृत्ती रॅमला थोडी आणखी हलकी आहे, पण तिच्यात फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात (अ‍ॅप सगळ्या लवाजम्यासह एका गठ्ठ्यात) येतो, आणि स्नॅप जुन्या आवृत्त्याही काही काळ जपून ठेवतं. मिंटमध्ये स्नॅप बंदच असतं, फायरफॉक्स साध्या पॅकेजमधून येतो. २५ जीबीच्या घरात हा फरक जाणवतो.

रॅम २ जीबी असेल किंवा जागा १०-१२ जीबीच निघत असेल, तर अँटिएक्स. डेबियन या लिनक्सवर आधारलेली, आइसडब्ल्यूएम या हलक्या पडद्यावर चालणारी ही प्रणाली जुन्या यंत्रावर खरोखर पळते. दिसायला साधी आहे आणि सेटिंग्जची थोडी सवय करावी लागते, म्हणून घरातल्या ज्येष्ठांसाठी मी ती सुचवणार नाही.

आणि ३२ जीबी ईएमएमसीचे (बोर्डवरच जोडलेल्या साठवणुकीचे) छोटे लॅपटॉप? तिथे विंडोजच गुदमरलेलं असतं, शेजारी काही बसवू नका. अँटिएक्स पेनड्राइव्हवर ‘पर्सिस्टन्स’सह चालवा, म्हणजे फाइली आणि सेटिंग्ज पेनड्राइव्हवरच जपल्या जातील. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्याजागी कॅडीत (त्याच मापाच्या चौकटीत) दुसरा एसएसडी बसवता येतो. कॅडी घेताना जाडी मोजा: ९.५ मिमी आणि १२.७ मिमी अशा दोन येतात. लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाण्याआधी ड्राइव्ह बाहेर काढून पट्टी लावून पाहा.

सुरुवातीलाच चार गोष्टी तपासा

आधी बॅकअप. फोटो, मार्कशीट, टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क लॅपटॉपपासून काढून ठेवा. पार्टिशनचं (डिस्कचे भाग करण्याचं) काम चालू असताना वीज गेली तर नुकसान होऊ शकतं, आणि जून-जुलैत आपल्याकडे ते अशक्य नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करून, चार्जर लावूनच बसा. बॅटरी मेलेली असेल तर यूपीएस हवा.

मग स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा आणि ‘बायोस मोड’ची ओळ पाहा. तिथे ‘यूईएफआय’ (यंत्र सुरू होण्याची नवी पद्धत) आहे की ‘लेगसी’ (जुनी), ते लिहून ठेवा. लिनक्सही त्याच पद्धतीने बसवायचं. विंडोज एका पद्धतीत आणि लिनक्स दुसऱ्यात बसलं, तर सुरू होताना निवडीचा मेनू नीट जुळत नाही. लेगसी असेल तर डिस्क बहुधा एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या जुन्या) पद्धतीची असते आणि तिथे प्रायमरी पार्टिशन चारच मावतात. चारही वापरलेली दिसली, तर आधी एखादं पार्टिशन काढून टाकावं लागेल.

तिसरी गोष्ट एन्क्रिप्शन. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ चालू आहे का पाहा. अनेक लॅपटॉपवर ते मालकाला न कळता चालू झालेलं असतं. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवा. बूटच्या सेटिंगला हात लावल्यावर विंडोज ती की मागू शकतं आणि ती नसेल तर डेटा गेला. मला विचाराल तर कागदावरची ही ओळ या संपूर्ण कामातली सगळ्यात मोलाची.

चौथी, विंडोजचा खरा पासवर्ड आठवतोय ना? रोज पिन टाकणाऱ्यांना तो आठवत नाही, आणि पुढे सेफ मोडची (विंडोज कमीत कमी गोष्टींसह उघडण्याची) वेळ आली तर पिन चालेलच असं नाही.

विंडोजमध्ये जागा काढणं

अर्धं काम इथेच आहे, म्हणून घाई नको. १२८ जीबीचा एसएसडी विंडोजला ११९ जीबी दिसतो, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यातून २५ जीबी काढल्यावरही विंडोजकडे १५ ते २० जीबी मोकळे राहायला हवेत, नाहीतर त्याचे मोठे अपडेट अडतात. म्हणजे आज सी ड्राइव्हवर ४० ते ४५ जीबी मोकळे दिसले पाहिजेत.

‘डिस्क क्लीनअप’ उघडा आणि ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबा. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ असा पर्याय दिसला तर तिथे एकाच वेळी बरेच जीबी सुटतात. त्यानंतर जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. यादीत ‘डाउनलोड्स’ असेल तर त्याची खूण आधी काढा, नाहीतर तिथल्या फाइलीही जातील. मग ‘अ‍ॅप्स’मध्ये जाऊन आकारानुसार यादी लावा. कधीकाळी घेतलेले गेम आणि लॅपटॉप कंपनीने भरून दिलेली सॉफ्टवेअर हमखास निघतात. व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ आणि फोनचे जुने बॅकअप बाहेरच्या डिस्कवर हलवा.

आता हायबरनेशन. विंडोज सी ड्राइव्हवर हायबरनेशनची एक लपलेली फाइल ठेवतं, तिचा आकार रॅमच्या साधारण ४० टक्के असतो. ८ जीबी रॅम असेल तर ३ जीबीहून जास्त जागा तिथेच अडकलेली. स्टार्टमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ (powercfg /h off) ही कमांड द्या. फाइल जाते आणि तिच्याबरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद होतं. फास्ट स्टार्टअप बंद असणं तसंही गरजेचं आहे. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं, आणि लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देतं. नकार देणंच बरोबर आहे, कारण तशा अवस्थेत लिहिलं तर फाइली बिघडू शकतात.

मग स्टार्ट बटनावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’, तिथे सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’. आकडा एमबीत मागतात. २५ जीबी म्हणजे २५ गुणिले १०२४, अर्थात २५६००. ‘श्रिंक’ दाबलं की सी च्या उजवीकडे काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ जागा दिसते. ती तशीच सोडा, तिथे विंडोजमधून नवा ड्राइव्ह तयार करू नका.

बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं: ४५ जीबी मोकळे असूनही विंडोज म्हणतं, फक्त ६ जीबी कमी करता येतील. कारण असं की विंडोज चालू असताना काही फाइली जागच्या हलत नाहीत. पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची फाइल) आणि रिस्टोअर पॉइंट हे त्यातले मुख्य, आणि त्यातली एखादी पार्टिशनच्या शेवटाकडे बसलेली असली की तिच्या अलीकडे जागा तोडता येत नाही. उपाय सरळ आहे. ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ बंद करा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मधून ‘परफॉर्मन्स’, मग ‘व्हर्च्युअल मेमरी’त जाऊन ‘नो पेजिंग फाइल’ निवडा. रीस्टार्ट करा, मग श्रिंक करा. काम झालं की दोन्ही गोष्टी पुन्हा चालू करा. तेवढ्याने बहुतेक वेळा भागतं. डी ड्राइव्ह वेगळा असेल आणि त्यावर जागा असेल, तर सी शी झगडण्यापेक्षा डी मधून २५ जीबी काढणं सोपं.

पेनड्राइव्ह आणि लाइव्ह चाचणी

मिंटची आयएसओ ३ जीबीच्या आसपास आहे, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे. ती मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. मोबाइल डेटावर डाउनलोड तुटत असेल तर टॉरेंट घ्या, ते जिथे थांबलं तिथून पुढे जातं. उतरल्यावर फाइल तपासा: सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ काढा आणि संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी जुळवा. अर्धवट फाइलने इन्स्टॉल मध्येच थांबलं तर ते फार महागात पडतं.

रूफस या मोफत सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह तयार करा. यूईएफआय असेल तर ‘जीपीटी’, लेगसी असेल तर ‘एमबीआर’. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.

बूट मेनूची कळ कंपनीनुसार बदलते. डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ१२, एचपीत एफ९, आसुसमध्ये एस्केप, एसरमध्ये एफ१२ पण तो आधी बायोसमधून (यंत्राच्या मूळ सेटिंगमधून) चालू करावा लागतो. कळ सापडत नसेल तर यूईएफआय यंत्रावर विंडोजमध्येच शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा. सिक्युअर बूट (फक्त मान्य बूट फाइली चालू देणारी सोय) बंद करायची गरज नाही, मिंट त्याच्यासह चालतं.

मिंट पेनड्राइव्हवरून उघडलं की लगेच इन्स्टॉलवर क्लिक करू नका. अर्धा तास तसंच वापरा. वायफाय जोडा, आवाज ऐका, ब्राइटनेस कमी-जास्त करा, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल करा, लॅपटॉप झोपवून उठवा. काही वायफाय चिप, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, वेगळा ड्रायव्हर मागतात. तेवढ्यापुरता अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. ते आपोआप ओळखलं जातं, आणि मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून वायफायचा ड्रायव्हर घेता येतो.

इन्स्टॉल

भाषा, कीबोर्ड आणि मल्टिमीडिया कोडेकची खूण झाली की मुख्य पडदा येतो. ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’ हा पर्याय सोपा दिसतो, पण जागा किती आणि कुठून घेतली जाईल ते आपल्या हाती पूर्ण राहत नाही. ‘समथिंग एल्स’ घ्या.

यादी काळजीपूर्वक वाचा. एसएसडी एनव्हीएमई असेल तर त्याचं नाव एनव्हीएमई असं सुरू होतं, साटा असेल तर बहुधा एसडीए. पेनड्राइव्ह त्याच यादीत वेगळ्या नावाने दिसतो. आकार पाहून ओळखा. ‘फ्री स्पेस’ म्हणून जी २५ जीबीची ओळ आहे, फक्त तिच्यावर क्लिक करून अधिकचं बटन दाबा. प्रकार ईएक्सटी४, माउंट पॉइंट एक तिरपी रेघ (/), आकार पूर्ण. झालं. ‘होम’ (आपल्या फाइलींचं फोल्डर) वेगळं करण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मोठ्या डिस्कवर तो चांगला आहे. २५ जीबीत नाही. १५ आणि १० असे तुकडे केले की एक भरतो, दुसरा रिकामा राहतो आणि मधली भिंत हलवताना रात्र जाते. स्वॅपसाठीही (रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेसाठी) वेगळं पार्टिशन नको, मिंट स्वतः स्वॅपफाइल तयार करून घेतं.

ईएफआय नावाचं १०० एमबीच्या आसपासचं छोटं पार्टिशन दिसेल. त्याला हात लावू नका, फॉरमॅटची खूण तर मुळीच नको. विंडोज आणि लिनक्स दोघांच्याही बूट फाइली त्यातच राहतात, आणि ग्रबला (कोणती प्रणाली उघडायची ते विचारणाऱ्या लिनक्सच्या बूटलोडरला) तिथे फार थोडी जागा लागते. लेगसी यंत्र असेल तर खाली ‘बूटलोडर’साठी पूर्ण डिस्क निवडा, एखादं पार्टिशन नाही. आणि लिनक्स बाहेरच्या यूएसबी एसएसडीवर बसवत असाल तर सावध: मिंटचा इन्स्टॉलर तरीही बूटलोडर आतल्या डिस्कच्या ईएफआयमध्ये टाकतो. जमत असेल तर इन्स्टॉलपुरती आतली डिस्क काढून ठेवणं उत्तम.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये साटा मोड ‘रेड’ किंवा ‘इंटेल आरएसटी’वर असतो. तो तडक ‘एएचसीआय’ केला तर विंडोज उघडत नाही. क्रम असा ठेवा: विंडोजमध्ये ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडून ‘बूट’मध्ये ‘सेफ बूट’वर खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग ती खूण काढा. इथेच तो पासवर्ड लागतो.

२५ जीबी टिकवायचे कसे

पहिल्याच दिवशी मिंटचा स्वागताचा पडदा ‘टाइमशिफ्ट’ चालू करायला सांगेल. सोय उत्तम आहे, पण पहिला स्नॅपशॉट जवळजवळ अख्ख्या प्रणालीएवढा असतो. १० जीबीच्या प्रणालीला आणखी १० जीबी, म्हणजे घर पहिल्याच आठवड्यात भरलं. टाइमशिफ्ट ठेवायचं तर ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर, नाहीतर बंद.

दुसरा खादाड फ्लॅटपॅक. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच अ‍ॅप कधी कधी दोन रूपांत मिळतं, ‘सिस्टिम पॅकेज’ आणि ‘फ्लॅटपॅक’. नेहमी पहिलं निवडा. फ्लॅटपॅकचं पहिलं अ‍ॅप आपल्यासोबत रनटाइम घेऊन येतं आणि अ‍ॅप इवलंसं असलं तरी एखादा जीबी सहज जातो.

तिसरे जुने कर्नल. अपडेट मॅनेजरच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘ऑटोमेशन’ आहे, तिथे जुने कर्नल आणि नको असलेली पॅकेजं आपोआप काढण्याचा पर्याय चालू करा. हे केलं नाही तर प्रत्येक कर्नल अपडेटमागे काही शे एमबी साठत राहतात, आणि वर्षभराने लक्षात येतं की काही नवीन न टाकताच डिस्क भरली.

ईएक्सटी४ आपल्या जागेचा ५ टक्के भाग रूटसाठी राखून ठेवतं. २५ जीबीत तो सव्वा जीबी होतो. ‘ट्यून२एफएस’ या कमांडने तो १ टक्क्यावर आणला तर १ जीबी मोकळा होतो. ज्यांना टर्मिनलची सवय आहे त्यांनी जरूर करावं. रॅम ४ जीबी असेल तर सिनॅप्टिक या पॅकेज मॅनेजरमधून ‘झेडरॅम-कॉन्फिग’ बसवा. ते रॅममध्येच माहिती दाबून ठेवतं, त्यामुळे डिस्कवरच्या स्वॅपला कमी जावं लागतं.

फोटो, गाणी, पीडीएफ लिनक्समध्ये परत उतरवू नका. थुनार या फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत विंडोजचा डी ड्राइव्ह दिसतो, तिथूनच उघडा. तो एन्क्रिप्ट केलेला नसला आणि फास्ट स्टार्टअप बंद असलं की दोन्हीकडून निर्धास्त वापरता येतो.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही बसवायची गरज नाही. कीबोर्डच्या ‘लेआउट’मध्ये मराठीचा एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक असे दोन्ही आराखडे आधीच असतात. एक जोडा, बदलण्यासाठी कळ ठरवा, आणि लिहायला लागा.

बूटच्या तक्रारी

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. विंडोज यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक वेळ. आपला फरक नेमका साडेपाच तासांचा. लिनक्सला ‘टाइमडेटसीटीएल’ या कमांडने स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की मिटतं.

मेनूत विंडोज दिसत नसेल, तर ईटीसी फोल्डरच्या ‘डिफॉल्ट’मधली ग्रबची फाइल उघडा. ओएस प्रोबर (दुसऱ्या प्रणाली शोधणारा भाग) बंद करणारी जी ओळ आहे तिथे ‘फॉल्स’ करून ‘अपडेट-ग्रब’ चालवा. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून ही शोधाशोध मुळात बंद ठेवलेली असते. उलट, एखाद्या मोठ्या विंडोज अपडेटनंतर मेनूच न येता सरळ विंडोज उघडू लागलं, तर लिनक्स गेलेलं नसतं. बायोसमध्ये बूटचा क्रम बदलून उबुंटू किंवा मिंटचं नाव वर आणा. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने काही जुन्या लिनक्स बूटलोडरना सिक्युअर बूटमध्ये अडवलं होतं आणि अनेकांच्या पडद्यावर ‘एसबॅट’ची चूक आली होती. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरा, पूर्ण अपडेट घ्या, मग पुन्हा चालू करा. एन्क्रिप्शन असेल तर कागदावरची की जवळ ठेवूनच.

लिनक्स काढायचं ठरलं, तर यूईएफआय यंत्रावर आधी बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ला पहिल्या क्रमांकावर आणा, विंडोज नीट उघडतंय याची खात्री करा, आणि नंतरच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन डिलीट करा. लेगसी यंत्रावर असं थेट डिलीट केलं तर ग्रबचा अर्धवट पडदा उरतो आणि विंडोज उघडत नाही. तिथे आधी विंडोजच्या रिकव्हरी पेनड्राइव्हने बूट दुरुस्त करण्याची तयारी हवी. मोकळी झालेली जागा सी ला परत जोडायला ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ वापरा. ती जागा सी ला उजवीकडून अगदी लागून असेल तरच ते बटन चालतं, आणि सी मधून श्रिंक करून काढलेली जागा नेमकी तिथेच असते.